दोन देशांचे एक बिऱ्हाड



वसंत व्याख्यानमालेचा श्रोता हा मोठा चिकाटीचा माणूस. दिवसभर कारखान्याची पाळी करायची, उन्हात तापलेल्या रस्त्याने घर गाठायचे, आणि चार घास पोटात घालण्यापूर्वी येथे येऊन वक्त्याचे ऐकत बसायचे, हे सोपे नाही. अशा श्रोत्यापुढे विषय कामाचाच मांडला पाहिजे. आज आम्ही घेतलेला विषय वरवर पाहता अगदी खाजगी आहे. दूर देशी असलेल्या जोडीदाराकडे कायमचे राहावयास जाणे, हा तो विषय. ही गोष्ट दोघांनी घरात बसून ठरवावी, त्यावर व्याख्यान कसले, असे कोणी म्हणेल. आमचे उत्तर असे की, एका घरात घडते ती खाजगी गोष्ट. पण तीच गोष्ट एका आळीतल्या अनेक घरांत घडू लागली की ती गावाची गोष्ट होते, आणि गावाच्या गोष्टीविषयी गावाने मोकळेपणी बोलावे.

आपले हे गाव तरी कसे झाले? चिंचवड मोरया गोसावींचे आणि चापेकर बंधूंचे. ते जुनेच. पण आजचे पिंपरी-चिंचवड हे बाहेरून आलेल्यांनी वसवलेले नगर आहे. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधी निर्वासित पिंपरीच्या कॅम्पात आले. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पिंपरी, आकुर्डी, भोसरी या भागांत यंत्रांचा आवाज वाढत गेला. १९७० साली येथे नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका झाली. सातारा, कोकण, मराठवाडा, विदर्भ, केरळ, उत्तर प्रदेश, कोठकोठली माणसे येथे आली.

ही माणसे आली कशी, ते आठवा. आधी आला तो एकटा पुरुष. कोठेतरी कॉटबेसिसवर राहिला, खानावळीत जेवला, महिन्याला गावी मनीऑर्डर केली. बायको गावी सासूसासऱ्यांपाशी. नोकरीत 'कायम' झाल्याची चिठ्ठी हाती पडली, की मग एक खोली भाड्याने घ्यायची, स्टोव्ह आणायचा, आणि बायकोला घेऊन यायचे. याला आपल्या भाषेत एक फार चांगला शब्द आहे: बिऱ्हाड करणे. मुंबईच्या गिरणगावात गेलेल्या कोकणी चाकरमान्यांनी हेच केले. पुष्कळांना तर जन्मभर बिऱ्हाड करताच आले नाही. अण्णाभाऊ साठ्यांच्या मैनेच्या छकडीतली ताटातूट महाराष्ट्राला इतकी जिव्हारी लागली, कारण ती घरोघरची होती. आणि आजही चाकणच्या एखाद्या खोलीत चौघे-पाच जण एकत्र राहतात, तेव्हा त्यांतल्या कित्येकांचा संसार शेकडो मैलांवरच्या खेड्यात वाट पाहत असतो.

म्हणजे ताटातुटीचा संसार आपणांस नवा नाही. नवे आहे ते अंतर, आणि त्या अंतरावर उभी असलेली परक्या राज्याची वेस. १९९५ साली पिंपरीतच टेल्कोच्या आवारात मर्सिडीज-बेंझ मोटारींची जुळणी सुरू झाली. २००९ साली चाकणला मर्सिडीजचा नवा कारखाना उभा राहिला, त्याच वर्षी फोक्सवॅगनचाही कारखाना सुरू झाला. कांद्या-बटाट्याच्या बाजारासाठी आणि संग्रामदुर्गासाठी ओळखले जाणारे चाकण स्टुटगार्ट आणि वुल्फ्सबुर्गशी जोडले गेले. पलीकडे हिंजवडीचे संगणकाचे काम अमेरिकेशी जोडलेले. ज्या आजोबांनी चाळीसगावाहून येऊन कासारवाडीत बिऱ्हाड केले, त्यांची नात आता विचारते आहे, "आजोबा, मी जर्मनीत बिऱ्हाड करू का?" प्रश्न तोच आहे. फक्त पूर्वी वेशीवर कोणी कागद विचारत नव्हते, आता विचारतात.

अशी एक जोडी आपण मनासमोर आणू. मुलगी चिंचवडची, अभियंता, चाकणच्या एखाद्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीच्या खात्यात. मुलगा तिच्याच महाविद्यालयातला, आता परदेशी. लग्न ठरलेले किंवा नुकतेच झालेले. दोन वर्षे त्यांचा संसार दूरध्वनीवर चालला आहे. जर्मनीचे घड्याळ आपल्यामागे उन्हाळ्यात साडेतीन तास, हिवाळ्यात साडेचार. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याचे साडेनऊ किंवा साडेदहा. ती दुसरी पाळी संपवून रात्री अकरानंतर घरी येते तेव्हा न्यूयॉर्कात दुपार असते. आमच्या या पाळ्यांच्या गावात हे काही विशेष नाही, असे आपण म्हणाल. खरे आहे. एक पहिल्या पाळीला आणि दुसरा तिसऱ्या पाळीला, अशी एकाच छपराखाली राहून रविवारीच भेटणारी जोडपी येथे पुष्कळ होऊन गेली. पण त्यांना एकमेकांचा उष्टा कप मोरीत दिसे. कोण दमले आहे, कोण रागावले आहे, हे न बोलता कळे. दूरध्वनीच्या पडद्यावर माणूस दिसतो तो तयार होऊन बसलेला दिसतो. दोन वर्षे रोज बोलूनही तो सकाळी उठल्यावर कसा वागतो, पैसे कसे खर्चतो, घरातले काम कोणाचे मानतो, हे कळत नाही. ही यंत्राची निंदा नव्हे. यंत्र नसते तर ही जोडी टिकलीच नसती. पण बोलणे म्हणजे सहवास नव्हे, हे जाणाऱ्याने आधी ओळखून असावे.

येथे आम्हांला एका जुन्या भाषणाची आठवण होते. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी, बंगालमधील श्रीरामपूरच्या कॉलेजात, वयाची अठरा वर्षेही पुरी न झालेली एक मराठी मुलगी उभी राहिली आणि आपण अमेरिकेला का जात आहोत हे तिने इंग्रजीत भर सभेत सांगितले. ती आनंदीबाई जोशी. पतीला मागे ठेवून ती विद्येसाठी निघाली होती. ७ एप्रिल १८८३ रोजी तिने कलकत्ता सोडले आणि ४ जून रोजी ती न्यूयॉर्कला पोचली. पुढे गोपाळराव तिच्याकडे अमेरिकेत गेले. म्हणजे आपल्या विषयाचे पहिले ठळक मराठी उदाहरण पाहू गेल्यास, तेथे आधी गेली ती पत्नी, आणि मागाहून जोडीदाराकडे गेला तो पती! पतीच्या मागे जाणे हाच पत्नीचा धर्म, असे सांगणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

त्या भाषणात आनंदीबाईंनी लोकांचे प्रश्न स्वतःच मांडून त्यांना उत्तरे दिली. अमेरिकेलाच का? एकटीच का? परत आल्यावर जात वाळीत टाकणार नाही का? काही संकट ओढवले तर काय करशील? आम्ही हे प्रश्न वाचतो तेव्हा वाटते, सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी त्या मुलीने जी यादी केली, तीच आजच्या चिंचवडच्या मुलीने हातात घ्यावी. का जाते? संकट आले तर काय? परत येता येईल का? या तीन प्रश्नांना जिच्यापाशी, किंवा ज्याच्यापाशी, स्वतःची उत्तरे आहेत, त्याने खुशाल जावे. ज्याच्यापाशी दुसऱ्याची उत्तरे आहेत, त्याने थोडे थांबावे. आमच्या साऱ्या व्याख्यानाचे सार एवढेच आहे. आता एकेक प्रश्न घेऊ.

पहिला प्रश्न: का जाते? "तो तिथे आहे म्हणून" हे उत्तर खरे आहे, गोडही आहे, पण पुरे नाही. तो तर सकाळी आठला कामावर जाईल. मग मागे उरलेल्या दिवसाचे काय? येथे ती कारखान्यात कोणीतरी होती. तिच्या सहीशिवाय माल पुढे जात नव्हता. तेथे तिच्या कागदावर एकच शब्द लिहिलेला असतो: डिपेंडंट. म्हणजे अवलंबून असलेली. शब्द कायद्याचा आहे, पण तो हळूहळू मनात शिरतो.

या शब्दाचा अर्थ प्रत्येक देशात निराळा आहे, आणि तो निघण्यापूर्वीच कळला पाहिजे. अमेरिकेत एच-१बी व्हिसावर काम करणाऱ्याच्या जोडीदाराला एच-४ व्हिसा मिळतो. त्यावर वर्षानुवर्षे कमावण्याची मुभाच नव्हती. २०१५ साली नियम झाला आणि ज्यांच्या जोडीदाराचा कायम वास्तव्याचा अर्ज एका ठराविक टप्प्यापर्यंत मंजूर झाला आहे, अशांना परवाना काढून काम करण्याची वाट मिळाली. पण तो टप्पा येईपर्यंत पदवीधर, पदव्युत्तर, डॉक्टर झालेल्या कितीतरी मुली घरात बसून राहिल्या. जर्मनीचा नियम याहून उदार आहे. तेथे नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराला वास्तव्याच्या परवान्याबरोबरच काम करण्याचा हक्क मिळतो. पण कायद्याने हक्क दिला तरी जर्मन भाषेने दिला पाहिजे ना! चाकणच्या कारखान्यात इंग्रजीवर भागले, म्हणून तेथल्या दुकानात, दवाखान्यात, नोकरीच्या मुलाखतीत भागेलच असे नाही.

म्हणून आम्ही म्हणतो की भाषा ही परीक्षेपुरती शिकू नये. २००७ पासून जर्मनीने येणाऱ्या जोडीदाराला सोपी जर्मन येत असल्याचा दाखला मागायला सुरुवात केली. ए-१ म्हणतात ती ही पहिली पायरी. ब्ल्यू कार्डवर काम करणाऱ्याच्या जोडीदाराला ती अट नाही. ही सूट मिळाली की मुली आनंदाने वर्ग सोडून देतात. आमच्या मते ही सूट म्हणजे सोय नव्हे, सापळा आहे. ज्यांना सूट आहे त्यांनीच आधी वर्गात नाव घालावे. पुण्यात मॅक्स म्युलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूट आहे. या भागातल्या मुलांना जर्मन, जपानी शिकणे दुर्मिळ राहिलेले नाही. तेथे गेल्यावर शिकू, असे म्हणणारा पहिले वर्ष मुका होऊन काढतो, आणि मुक्याच्या वतीने दुसरा बोलतो. तो दुसरा कितीही प्रेमळ असो, रोज दुसऱ्याच्या तोंडाने बोलणाऱ्याचा आवाज हळूहळू बसतो.

आणि हे केवळ मुलींविषयीच नव्हे. आज मुली आधी जातात आणि नवरे मागाहून जातात, असेही घडते आहे. त्या नवऱ्याला आपण काय म्हणतो? घरजावई! बायकोच्या मागे परदेशी गेलेल्या पुरुषाला घरातलेच लोक हसतात, आणि ते हसू त्याच्याबरोबर विमानात बसते. गोपाळरावांच्या चरित्राकडे पाहा. पत्नीने शिकावे म्हणून ज्याने आयुष्य पणाला लावले, तो माणूस अमेरिकेत तिच्याकडे गेल्यावर सुखी झाला नाही. त्यांच्या स्वभावाचा कडवटपणा तेथे वाढला, असेच चरित्रे वाचून वाटते. आपल्याच पत्नीच्या कर्तृत्वाच्या सावलीत परक्या देशात उभे राहणे हे त्या काळच्या पुरुषाला जड गेले असले पाहिजे. आजच्याला तरी ते हलके जाईल का? जो कोणी मागाहून जातो, मग तो पुरुष असो की स्त्री, त्याला स्वतःचे काम, स्वतःची ओळख आणि स्वतःची चार माणसे लागतात. एवढे मान्य केले की घरजावई हा शब्द आपोआप कोषात जाऊन पडेल.

पण जाण्यापूर्वी आणखी एक पायरी आहे, तिच्याविषयी दोन शब्द सांगून दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. ही पायरी म्हणजे लग्नाचा पुरावा. आपल्याकडे लग्न लागले की सारा गाव साक्षी. अक्षता टाकल्या, पंगती उठल्या, वरात निघाली. आणखी पुरावा तो कसला? परंतु परदेशचा कारकून पंगतीला नव्हता. त्याला नोंदणीचा दाखला हवा. महाराष्ट्रात विवाहनोंदणीचा कायदा १९९८ सालचा आहे, आणि सर्वच विवाहांची नोंदणी सक्तीची असावी असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली सांगितले. तरी आजही पुष्कळ घरांत व्हिसाचा अर्ज भरताना दाखल्याची आठवण होते. मग जन्मदाखल्यात नाव एक, शाळेच्या दाखल्यात दुसरे, पासपोर्टात तिसरे. लग्नानंतर सासरचे नाव लावले, पासपोर्टात माहेरचे राहिले. एका वेलांटीपायी महिना जातो. जोडपे दोन देशांत बसून एका वेलांटीवरून भांडते!

त्यापुढे पैशाची अट. ब्रिटनने २०१२ साली, जोडीदाराला आणू इच्छिणाऱ्याचे वार्षिक उत्पन्न किमान १८,६०० पौंड असावे असे ठरवले. एप्रिल २०२४ मध्ये ती मर्यादा एकदम २९,००० पौंडांवर नेली. शिवाय नाते खरे आहे हे दाखवावे लागते: भेटींचे पुरावे, पत्रव्यवहार, एकत्र काढलेली छायाचित्रे. लोक याला नाके मुरडतात. प्रेमाला पावती कसली, म्हणतात. पण आम्हांला आमच्याच गावाची आठवण होते. येथे तरी काय होते? नोकरीत कायम झाल्याशिवाय मुलीचा बाप मुलगी देत नव्हता, आणि खोली मिळाल्याशिवाय बिऱ्हाड होत नव्हते. तेव्हा मुलीचा बाप विचारीत असे, आता परके राज्य विचारते. फरक एवढाच की बाप मुलीच्या हितासाठी विचारीत होता, आणि राज्य आपल्या हितासाठी विचारते. म्हणून राज्याने हो म्हटले याचा अर्थ मुलीचे हित पाहिले गेले, असा कोणी करू नये. ते आपले आपणच पाहावयाचे आहे.

आता दुसरा प्रश्न: संकट ओढवले तर काय? शुभ बोल नाऱ्या, असे कोणी म्हणेल. पण आनंदीबाई हा प्रश्न जाहीर सभेत टाळीत नाहीत, तर आम्ही का टाळावा?

पहिले संकट कागदाचे. ज्याच्यामुळे राहण्याचा परवाना मिळाला, त्याच्याशी बिनसले तर परवान्याचे काय? अमेरिकेत नागरिकाशी लग्न होऊन दोन वर्षे झालेली नसतील, तर प्रथम मिळते ते दोन वर्षांचे सशर्त वास्तव्य, आणि ती शर्त काढून घेण्याचा अर्ज साधारणतः दोघांनी मिळून करायचा असतो. जर्मनीत सर्वसाधारणपणे तीन वर्षे संसार तेथे झाल्यावर जोडीदाराला स्वतंत्र हक्क मिळतो. दोन्ही देशांत छळ झालेल्याला सवलत आहे, पण ती सवलत आहे हेच छळ सोसणारीला ठाऊक नसते. नियम बदलतात, आम्ही आज सांगितलेले उद्या बदललेले असेल. तेव्हा निघण्यापूर्वी त्या देशाच्या सरकारी पत्रकावर स्वतःच्या डोळ्यांनी वाचावे. "तो बघतो आहे सगळे" हे वाक्य येथे चालणार नाही.

दुसरे संकट न्यायाचे. येथे लग्न लावायचे, तेथे जाऊन परक्या न्यायालयातून घटस्फोट आणायचा, आणि कागद टपालाने पाठवून द्यायचा, असे प्रकार झाले आहेत. १९७५ साली तिरुपतीला झालेल्या एका लग्नाचा घटस्फोट पतीने अमेरिकेतल्या न्यायालयातून आणला. १९९१ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तो मानण्यास नकार दिला. ज्या कायद्याखाली लग्न झाले, त्या कायद्याला मान्य असलेल्या कारणानेच ते मोडता येईल, असे तत्त्व त्या निकालाने घालून दिले. १९९४ साली आणखी एक प्रकरण न्यायालयापुढे आले. त्यातली शिक्षिका पतीकडे जाण्यासाठी नोकरीचा राजीनामा देऊन बसली, आणि तिकडून विवाह रद्द करून मागणारा अर्ज आला. न्यायालयाने सरकारला या बाबतीत कायदा करण्याची सूचना केली. २००९ साली राष्ट्रीय महिला आयोगाकडे अनिवासी भारतीयांच्या लग्नांतील तक्रारींसाठी वेगळा कक्ष झाला. छळाला कंटाळून परत आलेल्या स्त्रीला, ती जेथे आसऱ्याला आली आहे तेथेच छळाची तक्रार करता येईल, असे २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. म्हणजे माहेरी पिंपरीस परत आलेल्या मुलीला सासरच्या गावचे पोलीस ठाणे शोधीत फिरण्याचे कारण नाही.

हे सारे ऐकून घाबरून जाऊ नये. बहुतेक संसार न्यायालयापर्यंत जात नाहीत, सुखाने चालतात. पण आगीचा बंब ठेवला म्हणून कारखान्याला आग लागत नाही. या गावातल्या कामगाराला आम्ही हे काय सांगावे? हेल्मेट आणि हातमोजे घातल्याने यंत्राचा अपमान होत नाही. तसेच स्वतःचा पासपोर्ट स्वतःच्या ताब्यात ठेवल्याने नवऱ्याचा अपमान होत नाही. पासपोर्ट भारत सरकारचा आहे. तो सासूच्या कपाटात कुलूपबंद राहण्यासाठी दिलेला नाही. स्वतःच्या नावाचे बँकेचे खाते, परतीच्या तिकिटापुरती स्वतःची शिल्लक, पदव्यांच्या मूळ प्रती, भारतीय वकिलातीचा दूरध्वनी क्रमांक, आणि त्या शहरात नवऱ्याच्या मित्रमंडळींपलीकडचे ओळखीचे एक तरी घर: ही पाच हत्यारे बरोबर असावीत. प्रेम असले तर ती वापरावी लागत नाहीत. प्रेम नसले तर त्यांच्यावाचून भागत नाही.

तिसरा प्रश्न: परत येता येईल का? आनंदीबाईंच्या काळी परतीच्या वाटेवर जात उभी होती. आज जात वाळीत टाकीत नाही. पण परतीची वाट त्यामुळे मोकळी झाली, असे समजू नका. आता वाटेवर उभा असतो तो संकोच. "लोक काय म्हणतील? एवढा खर्च करून पाठवली, आणि आली परत!" आमच्या जुन्या पद्धतीत मुलगी सासरी जात असे ती पंचमीला, दिवाळीला परत येण्यासाठीच. माहेर ही आमच्या समाजाने मुलीसाठी राखलेली परतीची वाट होती. जात्यावरच्या ओव्यांत बायका भाऊ न्यायला येण्याची वाट पाहत, त्याचे कारण हेच. सासर चाकणला आणि माहेर चिंचवडला असेल तर ती वाट एका बसची आहे. सासर सातासमुद्रापलीकडे गेले की भाऊ न्यायला येऊ शकत नाही. म्हणून आईबापांनी निरोपाच्या वेळी "दिल्या घरी सुखी राहा" एवढेच म्हणून थांबू नये. त्यांनी दुसरे वाक्यही म्हणावे: "केव्हाही ये, कारण विचारणार नाही." या एका वाक्याने मुलगी परत येते असे नाही. उलट ते ऐकलेली मुलगी तिकडे अधिक धीराने राहते.

परतीचा विचार दुसऱ्या बाजूनेही करावा. बिऱ्हाड तिकडेच झाले पाहिजे, हे ठरवले कोणी? तो चाकणला का येऊ नये? हा प्रश्न घरात विचारलाच जात नाही. ज्या कारखान्यांसाठी आपली मुले परदेशी जातात, त्याच कारखान्यांसाठी परदेशचे अभियंते आपल्या भागात येऊन राहतात, आणि त्यांच्या बायका वाकडच्या, पिंपळे सौदागरच्या सदनिकांत, भाषा येत नाही म्हणून भाजीवाल्यापुढे बोटे मोजून दाखवतात. त्या बाईकडे पाहिले की आपल्या मुलीचे जर्मनीतले पहिले वर्ष कळते. तिला शेजारणीने एकदा चहाला बोलावले, तर आपल्या मुलीला तिकडे कोणीतरी कॉफीला बोलावील, असा हिशेब देव ठेवतो की नाही ते आम्ही सांगू शकत नाही. पण माणसाने ठेवायला हरकत नाही. एखाद्याने परदेशी जोडीदाराशी लग्न करून येथेच बिऱ्हाड करायचे ठरवले, तर त्यालाही वाट आहे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करता येते, आणि लग्न नोंदून सलग दोन वर्षे टिकल्यावर परदेशी जोडीदाराला ओसीआय कार्डासाठी अर्ज करता येतो. दोन्ही वाटा ताटात मांडून मग एक उचलावी. एकच वाट मांडली तर त्याला निवड म्हणत नाहीत.

येथे आईबापांविषयी बोलल्यावाचून राहवत नाही. ज्या पिढीने कॉटबेसिसपासून सुरुवात करून प्राधिकरणात घर बांधले, तिची मुले त्या घरात राहत नाहीत. गच्चीवर तुळस आहे, खाली दोन खोल्या रिकाम्या आहेत, आणि नातवंड पडद्यावर आज्जी म्हणते. हे दुःख खरे आहे. पण त्या पिढीला आम्ही नम्रपणे विचारतो: आपणही कोणाला तरी गावी सोडून आला होता ना? आपल्या आईनेही एस.टी.च्या थांब्यावर असाच डोळ्याला पदर लावला होता. तिने अडवले नाही म्हणून आपले बिऱ्हाड झाले. तेव्हा अडवू नका. फक्त मुलांनीही एक ध्यानात ठेवावे की, आईबाप म्हातारे होणार आहेत, आणि त्या दिवशी कोण येणार, हे लग्नाच्या बोलणीतच बोलून घ्यावे. मागाहून तो प्रश्न मध्यरात्रीच्या दूरध्वनीने येतो, आणि त्या वेळी नीट विचार सुचत नाही.

आता आटोपते घेतो. आनंदीबाईंची ताटातूट कशासाठी होती, हे त्यांना ठाऊक होते. ११ मार्च १८८६ रोजी त्या फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. त्याच वर्षी पतिपत्नी मायदेशी परतली, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला. वय बाविसाच्या आत. त्यांच्या अस्थी अमेरिकेतील कार्पेंटर कुटुंबाकडे पाठवण्यात आल्या आणि पकीप्सी या गावी, त्या कुटुंबाच्या दफनभूमीत, त्या विसावल्या. परक्या देशात एका बाईने तिला घरातली मुलगी मानले होते, याची ती खूण. दोन देशांत जगलेल्या माणसाचे घर शेवटी दोन्हीकडे होते, आणि दोन्हीकडे ते कोणीतरी करावे लागते.

बिऱ्हाड हा शब्द आम्ही आज वारंवार वापरला, तो उगाच नव्हे. बिऱ्हाडाला कोणी नेत नाही, बिऱ्हाड करावे लागते, आणि ते दोघांनी करावे लागते. जो आधी जाऊन बसला आहे त्याने खोली, पगार आणि व्हिसा तयार ठेवला म्हणजे झाले, असे नाही. येणाऱ्याच्या कामाची, भाषेची, मैत्रीची जागाही त्याने त्या घरात मोकळी ठेवली पाहिजे. आणि जाणाऱ्याने उपकार केल्याच्या किंवा उपकार घेतल्याच्या भावनेने जाऊ नये. जमल्यास आधी महिनाभर, शक्यतो ऐन हिवाळ्यात, तेथे राहून पाहावे. उन्हाळ्यात सारेच देश सुंदर दिसतात. दोन वर्षांनी पुन्हा बसून विचार करू, अशी तारीख ठरवून निघावे, आणि ती तारीख पाळावी. एवढे केले तर जाणारा डिपेंडंट म्हणून गेला तरी तसा राहणार नाही.

आपण सारे कोठून ना कोठून आलेले आहोत. ज्या गावाने इतक्यांना बिऱ्हाड करू दिले, त्या गावाची मुले जगात कोठेही बिऱ्हाड करतील, याविषयी आम्हांला शंका नाही. त्यांनी जावे, सुखाने राहावे. पण जाण्यापूर्वी त्या अठराव्या वर्षातल्या मुलीप्रमाणे चार माणसांत उभे राहून आपली कारणे मोठ्याने सांगता येतात का, ते एकदा पाहावे. सांगता आली, तर वाट मोकळी आहे.